सणाचं दान आणि मंगळवारची भाकर

कुणाच्याही घरी गेले की मी अजून डब्यांची झाकणं उघडते. सून ओशाळते, विहीणबाईंनी तर एकदा तोंडावरच विचारलं, "काय शोधताय, ताई?" शोधत काहीच नसते. डाळ नाकाशी धरते, चार दाणे तळहातावर घेऊन फुंकते आणि मनात म्हणते, हिला अजून दोन महिने आहेत. धुळ्यात एकोणीस वर्षं धान्यपेढीचं गोदाम सांभाळलं, त्याची ही खोड. नोकरी सुटली, नाक सुटलं नाही.

धान्यपेढी म्हणजे काय, हे मला लग्नकार्यात फार वेळा समजावून सांगावं लागलं. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्याकडून धान्य घ्यायचं, निवडायचं, साठवायचं आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना महिन्याच्या महिन्याला नेऊन द्यायचं. ऐकायला हे पाणी भरण्याइतकं सोपं वाटतं. धुळ्यात पाणी भरणं किती सोपं आहे ते धुळेकरांना विचारा.

आमचं गोदाम म्हणजे बाजार समितीच्या मागची पत्र्याची एक लांबलचक खोली. तिथे मी, निवडायला दोन बाया आणि टेम्पोवर सोनगीरचे रघुभाऊ. रघुभाऊंना टेम्पो चालवण्यापेक्षा बोलायला जास्त आवडायचं, आणि दोन्ही ते एकाच वेळी करायचे. आमचं काम खरं म्हणजे किड्यांशी शर्यत. गव्हात सोंडे, तांदळात पाकोळ्या, रव्यात अळ्या. कडुनिंबाचा पाला, एरंडेलाचा हात, उन्हाची वाळवण, सगळं करायचं, आणि तरीही किडा आपल्या आधी जेवायला बसलेला असायचा. आधी आलेलं आधी बाहेर काढायचं, हा गोदामाचा पहिला नियम. तो पाळायचा तर येणारं धान्य आणि जाणारं धान्य यांचा मेळ लागायला हवा. तो कधीच लागला नाही.

कारण दान येतं ते एकदम. पितृपक्षात येतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला येतं, दिवाळीत तर असं येतं की दारातून आत जायला वाट उरत नाही. दिवाळीच्या दानाचं एक सांगते. दुकानाची साफसफाई आणि दानधर्म, पुष्कळ लोक ही दोन्ही कामं एकाच दिवशी उरकतात. एका किराणावाल्याने फरसाणची सहा खोकी पाठवली. मी पाकीट फोडलं आणि गोदामभर तेलाचा जुना वास सुटला. फोन केला तर म्हणाला, "अहो बाई, गरिबांनाच द्यायचंय ना?" मी म्हटलं, "तुम्ही या, माझ्यासमोर एक पाकीट खा, मग वाटते." तो आला नाही. खोकी मात्र परत न्यायलाही आला नाही, ती मलाच खड्ड्यात पुरावी लागली.

असं तोंडावर बोलायला मला पंधराएक वर्षं लागली. सुरुवातीला मी सगळं घ्यायचे. आलेल्या दानाला नाही कसं म्हणायचं, असं वाटायचं. केळ्यांची गाडी घेतली ती याच भिडेपोटी.

रावेरकडच्या एका भल्या बागायतदाराचा फोन आला. केळ्याचा भाव पडला होता, व्यापारी फिरकत नव्हता. "अक्का, बागेत पिकून सडण्यापेक्षा कुणाच्या पोटात जाऊ दे, गाडी भरून पाठवतो." मला गहिवरून आलं. गाडी आली, हिरवीगार केळी, घडावर घड. दोन दिवस मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या उन्हाने ती सगळीच्या सगळी एकदम पिवळी केली. वसतिगृहं झाली, आश्रमशाळा झाल्या, सरकारी दवाखान्यासमोर बसलेले पेशंटचे नातेवाईक झाले. पोलीस चौकीत दिली, बस स्टँडवर दिली, आमच्या गल्लीत घराघरात डझनाने दिली. चौथ्या दिवशी लोक मला बघून रस्ता बदलायला लागले. आमचे हे आठवडाभर सकाळी केळ्याचं शिकरण आणि रात्री केळ्याची भाजी खाऊन म्हणाले, "पुढच्या वेळी काजूवाला बघ." राहिलेली गायींपुढे टाकली. शेवटी शेवटी गायीही मान फिरवत होत्या.

त्याच आठवड्यात माझ्याकडे तुरीची डाळ एक किलो नव्हती. तेल नव्हतं. मीठ नव्हतं, साधं मीठ. लोकांना हे पटत नाही. गोदाम भरलेलं दिसतं आणि मी म्हणते टंचाई आहे. पण लोक देतात तो सण देतात. गहू, साखर, रवा, बुंदीचे लाडू. लग्नात उरलेल्या बट्ट्यांनी भरलेली पातेली येतात आणि त्यासोबतचं वरण वाटेतच आंबलेलं असतं. आम्हाला मात्र साधा मंगळवार भागवायचा असतो. ज्या दिवशी काही नसतं, त्या दिवसाची भाकर आणि तिच्यावर घालायला काहीतरी.

हे शहाणपण मी आता सांगते आहे. ते मला शिकवलं मंगीबाईने, आणि शिकताना मी तिचं जे केलं ते लिहायला अजून हात अडखळतो.

पिंपळनेरच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक लहान गाव आहे. तिथे एकट्या राहणाऱ्या बारा म्हाताऱ्या आमच्या यादीत होत्या. कुणाची मुलं ऊसतोडीला गेलेली, कुणाला मुलंच नाहीत. महिन्यातून एकदा टेम्पो जायचा आणि शाळेच्या ओट्यावर वाटप व्हायचं. प्रत्येकीला एक पिशवी. दहा किलो गहू, असली तर डाळ, असलं तर तेल. पिशवीवर कांतीशेठच्या वडिलांचा रंगीत फोटो.

कांतीशेठ आमचे सगळ्यात मोठे दाते. घराणं मारवाडातून आलेलं, तीन पिढ्या धुळ्यात, धान्याचीच आडत. दर पितृपक्षात वडिलांच्या तिथीला ते तीस पोती गहू द्यायचे. गहूही कसा, शेलका, सोन्यासारखा. आणि सोबत छापलेल्या पिशव्या, त्यांच्यावर पगडी घातलेले, मिशीवाले, जरा रागावलेले मोठे शेठ. वर्षभर आम्ही तोच गहू वाटायचो. वैशाखानंतर त्याला सोंडे लागायचे, मग आम्ही तो उन्हात पसरून चाळायचो आणि पुन्हा वाटायचो.

एका आषाढात रघुभाऊ आणि मी पिंपळनेरच्या बाजारात चहाला थांबलो. रघुभाऊ धान्याच्या दुकानांकडे बघत म्हणाले, "अक्का, मोठा शेठ बाजारमा बठेल शेतस."

बघते तर खरंच. एका धान्यवाल्याच्या पुढ्यात चार पिशव्या ओळीने उभ्या, चारी पिशव्यांवर पगडी आणि मिशी. आणि त्यांच्यामागे उकिडवी बसलेली मंगीबाई. आमच्या यादीतली, साठीच्या पुढची, काटकुळी, बाराजणींत तीच काय ती धडपणे चालणारी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुणाकुणाच्या दारात हात पसरून धान्य आणायचं आणि हिने ते बाजारात मांडायचं. एक नाही, चार पिशव्या. म्हणजे आणखी कुणाच्या तरी हिने लाटल्या होत्या. मी पुढे जाऊन विचारलं, "मंगीबाई, हे काय चाललंय?"

ती चटकन उभी राहिली. पदर नीट केला. खाली बघत एवढंच म्हणाली, "चुकनं, अक्का."

चुकलं म्हणाली म्हणजे कबूल केलं, असा मी अर्थ लावला. वाटलेलं धान्य विकलं तर नाव कमी करायचं, असा नियम होता. गाडीत बसल्याबसल्या मी यादी काढली आणि तिच्या नावावर काट मारली. रघुभाऊ त्या दिवशी साक्रीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते गप्प बसले तेव्हाच मी काहीतरी ओळखायला हवं होतं.

श्रावणात वाटप झालं. मंगीबाईला पिशवी नव्हती, तरी ती आली. टेम्पोतून पिशव्या उतरवून दिल्या, ज्यांना उचलत नाही त्यांच्या डोक्यावर ठेवून दिल्या. मागितलं काही नाही. मला वाटलं, लाज वाटते आहे, वाटू दे. भाद्रपदातही तसंच. त्या वेळी ती जास्त वाळलेली दिसली. पिशवी उचलता उचलता ती ओट्याला टेकली, आणि रघुभाऊंना राहवलं नाही.

"मंगीबाई, तू गहू इकं कसाले व?"

"इकं नही रे भाऊ. बदली लिधं. गहू दिधं, बाजरी लिधी."

"एकलीनं चार पिशव्या?"

ती पुढची पिशवी उचलायला वळली. तेव्हा ओट्यावर बसलेली सगळ्यात म्हातारी बाई बोलली. तिला आम्ही जिजीमाय म्हणायचो. "त्या पिशव्या आम्हन्या व्हत्यात. आम्हना गुडघा दुखतस, बाजारले कोन जाई? ती लई जास. बठ्ठ्यासनं वझं तिनी उचलं, अन् नाव तिनंच कटनं."

सगळ्यांचं ओझं तिने उचललं होतं, आणि नाव मी तिचंच कापलं होतं. तरी मी विचारलं, "पण गहू कशाला बदलायचा? इतका चांगला गहू."

यावर सगळ्या हसल्या. टिंगल म्हणून नाही, लहान मूल काहीतरी विचारतं तेव्हा हसतात तशा. मंगीबाई मला समजावून सांगू लागली. "अक्का, गहू रेशनना बी येस. गहूनी पोळीले तेल लागस, तेल कोठेन आनू? बाजरीले नुसतं पानी लागस. मिरची-मीठसंगे भाकर खाई लिधी का दिसभर पोट गप ऱ्हास."

पोळीला तेल लागतं आणि भाकरीला पाणी. मी स्वयंपाक करत म्हातारी झाले, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एकोणीस वर्षांपैकी सोळा वर्षं मी डाळीला विचारत होते, गव्हाला विचारत होते, किड्यांना विचारत होते. खाणाऱ्या बाईला कधी विचारलं नव्हतं, तुम्ही काय खाता. बाजारात धान्यवाला सोंडे लागलेला तो शेलका गहू निम्म्या बाजरीवर घ्यायचा. म्हणजे आमच्या दानातलं अर्धं पिंपळनेरच्या बाजारात मुरत होतं, आणि त्याचा ठपका मी एका बाईवर ठेवला होता.

"मग दोन महिने तू खाल्लंस काय?" मी विचारलं.

"ह्या बठ्ठ्या एकेक मूठ देयेत," ती म्हणाली.

नाव कापल्यावरही ती त्यांचा गहू बाजारात नेतच होती. फक्त मला दिसू नये म्हणून आमच्या पिशवीतून काढून खताच्या गोणीत भरून नेत होती. बाजरी घेऊन आली की अकराजणी आपापल्या वाट्यातून तिला एकेक मूठ देत होत्या. माझ्याकडे गोदाम होतं, टेम्पो होता, नियमांची वही होती. त्यांच्याकडे मूठ होती, आणि त्यांचं वाटप माझ्यापेक्षा बरं चाललं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. जिजीमायने मला पाण्याचा तांब्या दिला.

मी तिथल्या तिथे मंगीबाईचं नाव पुन्हा लिहिलं. पण तिला द्यायला टेम्पोत काय होतं? गहू. पितृपक्ष आठ दिवसांवर आला होता आणि आणखी तीस पोती गहू वाटेवर होता.

दुसऱ्या दिवशी मी कांतीशेठच्या आडतीवर गेले. म्हटलं, "शेठ, या वर्षी गहू नको. बाजरी द्या. थोडी डाळ द्या, मीठ द्या."

शेठ गादीवर सरळ होऊन बसले. "बाई, बाजारात माझं नाव काय राहील? कांतीलालने बापाच्या तिथीला बाजरी वाटली? लोक म्हणतील, धंदा बसला वाटतं."

"लोक खाणार नाहीत, शेठ. त्या बाया खाणार आहेत."

"गहू ठरवून झालाय," ते म्हणाले आणि फोन उचलला. म्हणजे मी निघावं. निघताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मग यंदा तुमच्या हाताने वाटायला तरी या. बघा तरी तुमचे वडील कुठे कुठे बसतात ते."

हे जरा जास्तच झालं. रात्रभर वाटत होतं, सगळ्यात मोठा दाता घालवला. पण शेठ आले. शिल्लक गहू भरून मी मुद्दाम एक जादा फेरी ठेवली, आणि तिथीच्या दोन दिवस आधी ते पांढरेशुभ्र कपडे घालून, टेम्पोत रघुभाऊंच्या शेजारी बसून आले. धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंत रघुभाऊ किती बोलले ते काही विचारू नका.

शाळेच्या ओट्यावर त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. बाया समोर बसल्या. कुणी तक्रार केली नाही, पाहुण्यासमोर कोण करतं? सगळ्या आपल्या पदराआडून पिशवीवरचा फोटो आणि खुर्चीवरचा माणूस ताडून बघत होत्या. बोलली शेवटी मंगीबाईच. पिशवीवर बोट ठेवून तिने विचारलं, "शेठ, हाई तुम्हना बाप?"

"हो."

"घरमा काय खायेत ते?"

शेठनी पिशवी हातात घेऊन फोटोकडे पाहिलं. मग हसायला लागले. आधी थोडं, मग पोट धरून. मला काही कळेना. रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "बाई, बाजरी. आमचे बापूजी मारवाडातले. जन्मभर बाजरीची रोटी आणि दही. गव्हाचा फुलका ताटात वाढला तर सुनांवर ओरडायचे, मला आजारी समजता काय म्हणून. शेवटी डॉक्टरने बाजरी बंद केली, तर दुकानात लपवून खायचे. मीच आणून द्यायचो." नंतर हातातली पिशवी उलटी करून, फोटो आपल्याकडे घेऊन बसले.

परत येताना टेम्पोतूनच त्यांनी फोन लावला आणि गव्हाचा सौदा मोडला. बाजरी एकदम नाही, दर महिन्याला ताजी द्यायची, हे मी सांगायच्या आत तेच म्हणाले. शेवटी आडतेच ते, किडा त्यांनाही माहीत होता. डाळ, मीठ आणि तेलासाठी त्यांनी आणखी दोन व्यापाऱ्यांना गाठलं. बाजारात कुणी काही म्हणालं का, ते मी विचारलं नाही. पिशवीवरचा फोटो मात्र त्यांनी सोडला नाही. तो सोडवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

त्यानंतर मी वाटपाच्या प्रत्येक गावात जाऊन एकच प्रश्न विचारला, आणि उत्तरं ऐकून थक्क झाले. एका वस्तीवर नागली, म्हणजे नाचणी हवी होती, एका ठिकाणी तांदळाची कणीच हवी होती. जे जमलं ते दिलं, पुष्कळ जमलं नाही. दाते अजूनही सणच आणून देतात. पण मी नाही म्हणायला शिकले, आणि लोक समजतात तितके रागावत नाहीत. ते केळीवाले भाऊसुद्धा आता आधी फोन करतात, "अक्का, किती खपतील?"

नव्या बाजरीचं पहिलं वाटप आश्विनात झालं. मंगीबाईला पिशवी मिळाली तशी ती घरी नेईल असं मला वाटलं. तिने ती ओट्यावरच ठेवली, तोंड सोडलं आणि आत हात घातला. मूठ भरून काढली आणि जिजीमायच्या पदरात टाकली. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. कुणी नको म्हणालं नाही, कुणी उपकाराचा शब्द काढला नाही. घेतलेलं परत करायचं असतं, एवढंच. अकराजणी झाल्या तशी ती टेम्पोकडे आली. माझ्यासमोर उभी राहून तिने आणखी एक मूठ पुढे केली.

"ल्या, अक्का."

"मला कशाला? मी काय दिलं होतं तुला?"

"बठ्ठ्यासले दिधी," ती म्हणाली, "तुम्हले कसाले नही?"

आमच्या पेढीचा एक नियम होता. कामावरच्या माणसाने वाटपाच्या धान्यातला एक दाणाही घरी न्यायचा नाही. नियम मीच केलेला, आणि तोवर कधी मोडला नव्हता. मी पदर पुढे केला. घरी येऊन ती मूठभर बाजरी मिक्सरमधून काढली, थापली, भाजली. तळहाताएवढी भाकर झाली. आमचे हे शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "अर्धी मला." मी दिली नाही.